गाण्याच्या तासाने गणित सुधारतं का?

पालकसभा संपली की कोणीतरी मागे रेंगाळतंच. आधी मुलाच्या आवाजाबद्दल दोन शब्द, मग हळूच खरा प्रश्न: "गाणं शिकलं की गणित सुधारतं म्हणतात, खरं का हो?" मी शाळेत गाणं शिकवते. वर्षातून आठ-दहा वेळा तरी हे ऐकते. तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदा नीट लिहूनच टाकते.

हे खूळ आलं कुठून? १९९३ साली 'नेचर' या विज्ञानाच्या नियतकालिकात एक छोटासा शोधनिबंध आला. कॉलेजातल्या ३६ विद्यार्थ्यांना दहा मिनिटं मोझार्टची दोन पियानोंची रचना ऐकवली आणि लगेच आकृत्यांची कोडी घातली. ती त्यांना जरा बरी सुटली. परिणाम टिकला दहा-पंधरा मिनिटं. त्यात ना लहान मुलं होती, ना गणित, ना गाणं शिकणं. पण 'मोझार्ट ऐका, हुशार व्हा' एवढंच लोकांच्या डोक्यात बसलं. १९९८ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी तर जन्मणाऱ्या प्रत्येक बाळाला शास्त्रीय संगीत पोचवायला १,०५,००० डॉलर मागितले!

त्यामानाने मानसशास्त्रज्ञ शेलेनबर्ग यांचा २००४ साली प्रसिद्ध झालेला कॅनडातला प्रयोग बराच नेटका. सहा वर्षांची १४४ मुलं, चार गट: कीबोर्ड, गायन, नाटक आणि काहीच नाही. वर्षभराने गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचा बुद्ध्यांक सरासरी सातने वाढला, बाकीच्यांचा चारपेक्षा जरासा जास्त. फरक तीनपेक्षाही कमी. नाटकवाल्या मुलांचं इतरांशी वागणं मात्र सुधारलं, गाणाऱ्यांचं नाही. हे मला अजून कोणी विचारलेलं नाही.

तेव्हा उत्तर असं, की झाला तर थोडासा फायदा होईल. पण तेवढ्यासाठीच गाणं हवं असेल, तर सरळ गणिताचा सराव घ्या, लवकर गुण येईल.

मी चौथीला चार ओळींचं एक गाणं दोन गटांत म्हणायला देते. पहिला गट एक ओळ पुढे गेला की दुसऱ्याने तेच गाणं पहिल्यापासून धरायचं. पहिल्या दिवशी दोन मिनिटांत वर्गाचा बाजार होतो. एक मुलगी दोन्ही कानांत बोटं घालून, डोळे घट्ट मिटून गायची. सूर पक्का, शब्द चोख. फक्त बाकीचे थांबले तरी हिचं चालूच. बोटं काढायला लावली की पलीकडच्या ओळीत घसरायची आणि रडकुंडीला यायची. मग आधी एकाच कानातलं बोट काढलं. मग समोर एकच मुलगा, तोही हळू आवाजात. सहा आठवडे गेले. एके दिवशी पलीकडचा गट लय ओढायला लागला, तर हिने आपली ओळ न सोडता किंचित रेंगाळून त्यांना सांभाळून घेतलं. तोवर मी पेटीवरचे हात काढले होते. कोणाच्या लक्षातही आलं नाही.

आपलं न सोडता दुसऱ्याचं ऐकायचं, हे बाकीच्या तासांना कुठे जमवणार? तिथे शेजाऱ्याच्या वहीत डोकावलं तरी ओरडा बसतो. शिवाय गाण्यात चूक झाली की ती तिथल्या तिथे स्वतःच्याच कानाला टोचते. तपासलेली वही परत यायची वाट बघावी लागत नाही.

अर्थात, संमेलनाच्या आधी पंधरा दिवस निवडक दहा मुलांना घोकून घेणं म्हणजे संगीतशिक्षण नव्हे. लहानपणी मी त्या निवडीत मागे पडलेली. 'तू नुसते ओठ हलव' असं सांगितलं होतं मला. सुरांमधला फरक खरोखरच कळत नाही अशी माणसं फार थोडी असतात. बाकीच्यांना ऐकायला कोणी शिकवलेलं नसतं, इतकंच. हे मला कळलं ते शिकवायला लागल्यावर. तोवर मी ओठच हलवत होते.

त्या मुलीच्या आईनेही गणिताचंच विचारलं होतं. गणितात ती होती तिथेच आहे. हल्ली मात्र दुसऱ्या गटात उभं राहू द्या म्हणून मागे लागते. उशिरा सुरू करणं जास्त अवघड असतं, म्हणून.