सकाळची खडखड

मानेवाडा रिंग रोडला माझं छोटं गॅरेज आहे, बारा-तेरा वर्षं झाली. ऑइल-फिल्टर बदलायचं काम इतक्या वेळा केलंय की त्याच्यावर काही लिहावं असं कधी वाटलं नाही. पण मागच्या मे महिन्यातला एक दिवस डोक्यातून जाऊनच नाही राह्यला, म्हणून लिहून टाकतो.

सर आले होते. गणिताचे, आता रिटायर्ड, आमच्या भागातली अर्धी पोरं त्यांच्या हाताखालून गेली, मी पण त्यातलाच आणि तेही मार खाणाऱ्यांतला. त्यांची छोटी पेट्रोल गाडी, वापर कमी, बाजार, बँक, महिन्यातून एखादी रामटेकची चक्कर. म्हणाले, "अरे, सकाळी चालू केली की खडखड करते. डब्यात खिळे टाकून हलवावे तशी. तीन-चार सेकंद, मग गप्प." हिवाळ्यात नव्हतं म्हणे, एप्रिलपासून सुरू झालं. एका दुसऱ्या वर्कशॉपवाल्यानं टायमिंग चेन, म्हणजे इंजिनच्या आतली साखळी, गेली सांगून अठरा हजारांचं एस्टिमेट हातात दिलेलं.

आता गाडी तर ते उन्हातून चालवून घेऊन आलेले, इंजिन तापलेलं, ती थोडीच खडखडणार. मी म्हटलं सर ठेवून जा आजच्या दिवस, उद्या सकाळी थंड्या इंजिनवर ऐकू. ते रिक्षानं घरी गेले.

दुसऱ्या दिवशी आठला शटर उघडलं आणि पोराला म्हटलं बोनेट उघड, कोणी बोलू नका. चावी मारली. कर्र्र्र करून वाजली आणि मीटरमधली लाल तेलाची बत्ती विझायलाच तयार नाही, एक, दोन, तीन, चार, मग विझली आणि त्याच सेकंदाला आवाज पण बंद. तिथेच माझ्या डोक्यातून चेन निघाली. नुसती चेन ढिली असती तर बत्ती वेळेवर विझली असती. ही बत्ती तेलाच्या प्रेशरची असते, ती उशिरा विझते म्हणजे तेल वर उशिरा पोचतंय. डिपस्टिक पाहिली, लेव्हल बरोबर. राहिला फिल्टर.

या गाडीत फिल्टर आडवा बसतो. रात्रभर गाडी उभी राहिली की त्यातलं तेल खाली सांडून जाऊ शकतं, म्हणून आत एक रबराची चकती असते, तेलाला आत जाऊ देते पण उलटं परत येऊ देत नाही. कॅटलॉगमध्ये अँटी ड्रेन बॅक वॉल्व्ह लिहिलेलं असतं, आम्ही नुसतं आतलं रबर म्हणतो. पोरानं फिल्टर खोलला. एरवी आडवा फिल्टर काढला की मनगटापर्यंत तेल येतं, पोरं शिव्या घालत चिंधी शोधतात. यातून चमचाभर निघालं. म्हणजे रोज सकाळी पंपाला आधी रिकामा डबा भरावा लागत होता आणि मग वरच्या पार्टांना तेल मिळत होतं, तेवढा वेळ ते कोरडेच घासून राह्यले होते. त्यात मे महिना, नागपुरात रात्री पण पारा फारसा उतरायचं नाव घेत नाही, तेल पातळ राहतं आणि आणखी लवकर सांडतं.

तेवढ्यात सर आले. पोरगं समोरून तर्री पोहे घेऊन आलं होतं, म्हटलं सर बसा, तुम्हाला एक गंमत दाखवतो. फिल्टर व्हाइसमध्ये धरला आणि हॅक्सॉनं कापला. वरून काय चकचकीत, कंपनीचं नाव, पार्ट नंबर, सगळं जागच्या जागी. आत पाहिलं तर ते रबर उन्हात वाळलेल्या पापडासारखं कडक, कडेनं वळलेलं, बोटानं दाबलं तर तुकडाच पडला. तेल गाळणाऱ्या कागदाच्या घड्या एकीकडे दाटीनं, दुसरीकडे बोट जाईल इतकी फट. बायपास वॉल्व्हची स्प्रिंग स्क्रूड्रायव्हरनं नुसती टेकवली तर आत गेली. हा वॉल्व्ह असतो तो फिल्टर चोंदला किंवा थंडीत तेल घट्ट झालं तर उघडायला, की चला न गाळलेलं तेल गेलं तरी चालेल पण इंजिन उपाशी नको. तो असा ढिला असला की तो कायम उघडाच, तेल कागदातून जाणारच कशाला, बाजूनंच निघून जाते.

मग मी रॅकवरून एक बाहेरच्या कंपनीचा, म्हणजे आफ्टरमार्केट पण नाव असलेला, त्याच गाडीच्या नंबरचा नवा फिल्टर काढला आणि तोही कापला, शेजारी ठेवला. एक फिल्टर वाया गेला, जाऊ दे. सरांनी खिशातून पेन काढला आणि पेनाच्या टोकानं एकेक घडी मोजायला बसले, पोहे तसेच. जुन्यात 41, नव्यात 58. "सतरा कमी," म्हणाले, जसं काही माझा पेपरच तपासून राह्यले.

आणि मी सुरू झालो. सर, हा डुप्लिकेट आहे, ओरिजिनलच्या डब्यात भरलेला, चाळीस-पन्नास रुपये वाचवायला लोक कुठूनही घेतात, कोणी दिला तुम्हाला हा, त्याच्या तोंडावर नेऊन मारा. पोरगं मान हलवून राह्यलं होतं. सर काही बोलले नाहीत. उठले, गाडीच्या डॅशबोर्डच्या कप्प्यातून प्लास्टिकची फाइल आणली (सगळी बिलं तारखेनं लावलेली, गणिताचे सर ना शेवटी) आणि नोव्हेंबरचं एक बिल माझ्या समोर ठेवलं. वर माझ्या गॅरेजचं नाव. खाली माझ्याच अक्षरात, ऑइल फिल्टर ओरिजिनल, 1 नग. सरांनी लाल रिफिलनं 'ओरिजिनल'भोवती गोल केला आणि पेन खिशात ठेवला.

खरं सांगतो, शाळेत छडी खाताना इतकी लाज नव्हती वाटली.

झालं असं होतं की त्या महिन्यात नेहमीच्या डिस्ट्रिब्यूटरकडे माल नव्हता. एक माणूस टू-व्हीलरवर बॅग घेऊन फिरत आला, होलोग्राम-बिलोग्राम सगळं, डब्यामागे पंचेचाळीस रुपये कमी. मी बारा नग घेतले आणि वर स्वतःलाच हुशार समजलो. अकरा लावून झाले होते, एक रॅकच्या मागे पडलेला. तो पण काढला आणि कापला. आत तोच कारभार. मग डबे शेजारी ठेवून नीट पाहिलं तर डुप्लिकेट डब्यावरचा पार्ट नंबर जरासा पसरलेला, शाई कागदात मुरल्यासारखी. पण हे आता दिसतं, काउंटरवर कोण भिंग घेऊन बसतं.

सरांनी विचारलं, मग आता कोणता लावतोस, ओरिजिनल की बाहेरचा? मी म्हटलं सर, गाडीची कंपनी सहसा फिल्टर स्वतः बनवत नाही, फिल्टर बनवणाऱ्यांकडून बनवून घेते, आणि त्यातलेच कितीतरी जण स्वतःच्या डब्यात पण विकतात. म्हणून बाहेरचा म्हणजे वाईट असं नाही. पण आटे बसले म्हणजे फिल्टर बसला असंही नाही. दोन गाड्यांचे आटे सारखे, रबरी वॉशर सारखं, आणि आतला बायपास वेगळ्या प्रेशरला उघडणारा, असं मी पाहिलंय. म्हणून कॅटलॉगमधला नेमका त्याच मॉडेलचा नंबर पाहिजे, चालून जाते वाला नको. गाडी वॉरंटीत असेल तर मी तर गपचूप ओरिजिनलच लावतो, उद्या क्लेमच्या वेळी कोण वाद घालत बसेल. सरांची वॉरंटी कधीच संपलेली. नेहमीच्या दुकानाचं पक्कं बिल होतं तो बाहेरचा लावला.

वॉशरला तेलाचं बोट फिरवलं, टेकेपर्यंत हातानं फिरवला आणि मग पाऊण फेरी. पान्यानं आवळायचा नाही, पोरांना कितीदा सांगितलं. तेल पण सगळं नवीन टाकलं आणि जुन्या तेलात चुंबक फिरवून पाहिलं, चमक काही चिकटली नाही. तरी आतमध्ये कणभरही घासलं नाही असं छातीठोक सांगता येत नाही, सरांना तसंच सांगितलं. गाडी आणखी एक रात्र ठेवली. सकाळी चावी मारली, बत्ती पेटली आणि सेकंदात विझली. आवाज नाही. पोरगं म्हणे, परत बंद करून लावू का? मी म्हटलं काहून बे, आता गरम झाली ना ती, आता काय कळणार.

पैसे घ्यायला मी नाहीच म्हटलं. सरांनी तेलाचे मोजून दिले, सुट्ट्यांसकट. "फिल्टरचे नाही देत. ते तुझे."

ते गेल्यावर वही काढली. सर धरून अकरा गाड्या. दुपारभर फोन करत बसलो, बाहेर रस्ता तव्यासारखा तापलेला आणि मी एकेकाला सांगून राह्यलो की दादा माझ्याकडून चुकीचा फिल्टर लागला, या, फुकट बदलून देतो, तेल पण माझं. एकाला वाटलं स्कीम आहे. एक जण समृद्धीवरून मुंबईला निघालेला, तो शिर्डीच्या पुढे पोचला होता, त्याला काय सांगणार, म्हटलं सकाळी चालू केल्यावर थोडा थांबत जा आणि आल्या आल्या इकडे या, आणि तो येईपर्यंत चार दिवस मला नीट जेवण गेलं नाही. तो आला, गाडी ठीक होती. असे सात जण आले. दोघांनी मधेच दुसरीकडे सर्व्हिसिंग करून फिल्टर बदलून घेतलेला, त्यातल्या एकानं फोनवर चांगलंच सुनावलं, मी ऐकून घेतलं. तो बॅगवाला मात्र परत फिरकला नाही, त्याचा नंबर पण लागत नाही.

अकरावा एक राहिला. वहीत नुसतं नाव, गाडीचा रंग आणि मोबाइल नंबर, तो बंद येतो. रोज शटर उघडलं की एकदा लावून पाहतो.