कव्हराआडचा लेखक

पावसाळ्यात वाचनालयातून आणलेल्या पुस्तकाला मी जुन्या वर्तमानपत्राचं कव्हर घालते. तोटा एकच, चार दिवसांनी पुस्तक कुणाचं तेच आठवत नाही. परवा अर्धी कादंबरी वाचून घरात जाहीर केलं, "नवखा दिसतोय, पण हात बरा आहे." परत करताना कव्हर काढलं तर माझाच लाडका, सत्तरी ओलांडलेला लेखक!

जीभ चावली आणि फ्रेंच कादंबरीकार रोमँ गारी आठवला. त्याने तर अख्ख्या पॅरिसच्या समीक्षकांच्या हातात कव्हर घातलेली पुस्तकं दिली.

गारीला 1956 साली गाँकूर हे फ्रान्समधलं मानाचं साहित्य पारितोषिक मिळालं होतं. हे लेखकाला आयुष्यात एकदाच मिळतं. पुढे मंडळींनी ठरवून टाकलं, गारी संपला. मग 1974 मध्ये एमिल आझार नावाच्या कुणा अनोळखी माणसाची कादंबरी आली. पॅरिसमधला एक एकटा जीव अजगर पाळतो, त्याची गोष्ट. (आझार! आपल्या कानाला दुखणंच वाटतं.) कोण असेल हा? रेमाँ केनो? लुई आरागाँ? नामवंत लेखकांची नावं घेत तर्क चालले. गारी? छे! पुढच्याच वर्षी आझारच्या दुसऱ्या कादंबरीला गाँकूर मिळालं. आझार म्हणजे खरा गारीच; लेखक म्हणून त्याने आपला एक नातेवाईक पुढे केला होता.

आपल्याकडे टोपणनावाचं अप्रूप नाही. कुसुमाग्रज म्हणजे शिरवाडकर हे शाळकरी पोरालाही ठाऊक. गारीने मात्र नावाबरोबर भाषाही बदलली. त्या दुसऱ्या कादंबरीत छोटा मोमो बोलतो ते वाकडंतिकडं फ्रेंच, चुकत चुकत नेमकं वर्मावर बोट ठेवणारं. समीक्षक फसले त्यात नवल नाही. पण माझी एक तक्रार आहेच. गारीने 1960 मध्ये आपल्या आईवर लिहिलं होतं, पोरावर जीव ओवाळून टाकणाऱ्या हट्टी बाईवर. मोमोच्या गोष्टीतली, परक्या पोरांना सांभाळणारी, सहा जिने चढताना धापा टाकणारी मादाम रोझा तिचीच सख्खी बहीण शोभते. भाषा बदलली, माया तीच. तेवढं तरी ओळखायला हवं होतं.

1980 च्या डिसेंबरात गारीने स्वतःला संपवलं. पुढच्या वर्षी त्याचा कबुलीजबाब छापून आला. त्याचा शेवट असा : "मला खूप मजा आली. येतो आता, आभार."

मी वाचनालयाची ती कादंबरी परत न करता मुदत वाढवून घेतली. पहिल्यापासून वाचतेय. आता नाव ठाऊक आहे, आणि खरं सांगू? जरा जास्तच आवडतेय.