टाकीत गोगलगायी झाल्यात, काय करू?

माझ्याकडे झाडं लावलेली माशांची छोटी टाकी आहे म्हटल्यावर हा प्रश्न येतोच: "काचेवर बारीक बारीक गोगलगायी दिसायला लागल्यात, मी तर आणल्या नव्हत्या. मारायचं औषध सांगा." तुम्हीही विचारलंत म्हणून जरा नीट लिहिते. औषध मी सांगणार नाही. आधी माशांचं खाद्य कमी करा.

त्या येतात झाडांबरोबर. पानाच्या पाठीमागे नखाएवढा जेलीचा पारदर्शक पट्टा चिकटलेला असतो, त्यात ठिपक्याएवढी अंडी. दुकानात ते कुणाच्या लक्षात येत नाही. घरी आठ-दहा दिवसांत पिल्लं बाहेर पडतात, आणि त्यातलं एक जगलं तरी पुरतं. यातली ब्लॅडर स्नेल ही जात नर-मादी दोन्ही असते. जोडीदार नसला तरी तिचं अडत नाही.

तुमच्याकडची कुठली आहे ते आधी बघा. शंखाचं टोक वर आणि तोंड आपल्याकडे धरलं की उघडी बाजू डावीकडे येत असेल, तर ब्लॅडर स्नेल. चपट्या वेटोळ्याची ती रॅम्सहॉर्न. तिच्या रक्तात आपल्यासारखंच हिमोग्लोबिन असतं, म्हणून काहींचं अंग लालसर दिसतं. उभट, टोकदार शंखाची ट्रम्पेट स्नेल दिवसा वाळूत असते आणि दिवे गेले की वर येते. ती अंडी घालत नाही, थेट पिल्लंच देते. वाळू सतत खालीवर करत राहते, म्हणून मला ती टाकीत हवीच असते. ट्रम्पेट भरदिवसा घोळक्याने काचेवर चढल्या, तर मात्र पाण्यातला ऑक्सिजन कमी पडतोय का ते तपासा.

एकदा टॉर्च घेऊन काचेवरच्या गोगलगायीचं तोंड बघा. ते उघडतं, काच खरवडतं, मिटतं, पुन्हा उघडतं. मागे शेवाळं निघालेली बारीक नागमोडी वाट उरते. शेवाळं, सडकी पानं आणि माशांनी टाकलेलं खाद्य, हाच तिचा आहार. "झाडं खातात हो" ही तक्रार या तिघींबाबत बहुतेक वेळा खरी नसते. जुन्या पानांना भोकं पडली असतील तर आधी पोटॅशियमची कमतरता बघा. गोगलगाय त्या पानाचा मेलेला भाग खायला नंतर येते.

म्हणून त्यांची संख्या वाढली याचा अर्थ टाकीत खाद्य उरतंय. ते तसंच ठेवून औषध ओतणं म्हणजे आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. या औषधांत बहुधा तांबं असतं. त्याने टाकीतल्या चेरी श्रिंप, म्हणजे इवल्या कोळंब्याही मरतात. शिवाय वीस-तीस लिटर पाण्यात एका रात्रीत शेकडो गोगलगायी मेल्या, तर वाळूत सडून अमोनिया चढतो आणि मासे जातात.

मासे दोन मिनिटांत संपवतील एवढंच द्या. आठवड्यातून एक दिवस उपास घडला तरी गप्पी किंवा फायटरला काही होत नाही. पिवळी पानं कापून काढा. रात्री दिवे बंद केल्यावर काकडीची चकती काट्याला टोचून तळाशी सोडा आणि सकाळी लोंबकळणाऱ्या गोगलगायींसकट उचला. काचेवरची जेली नखाने खरवडून काढा. महिनाभर हे केलंत की फरक दिसतो. उरतील तेवढ्या राहू द्या, त्या तुमचंच काम करतायत.

गोगलगायी खाणारे मासे आणायचा सल्ला दुकानदार हमखास देतात. क्लाउन लोचसारखे मासे बरेच मोठे होतात, त्यांना छोटी टाकी पुरत नाही. केरळच्या नद्यांतला इवलासा पफर गोगलगायी आवडीने खातो, पण इतर माशांचे पंखही कुरतडतो, आणि नैसर्गिक अधिवासात तो धोक्यात आहे. त्यासाठी त्याला घरी आणू नका.

पुढच्या वेळी नवीन झाडं आणाल तेव्हा चार लिटर पाण्यात दोन-तीन मोठे चमचे तुरटीची पूड विरघळवून दोन-तीन तास भिजवा, मग स्वच्छ धुवा. अंड्यांसाठी पानं बोटांनी चाचपूनही बघा. डबीत मिळणारी टिश्यू कल्चरची (प्रयोगशाळेत वाढवलेली) झाडं महाग पडतात, पण त्यांच्यासोबत गोगलगायी येत नाहीत.

काढलेल्या गोगलगायी विहिरीत, तळ्यात किंवा ओढ्यात कधीही सोडू नका. ब्लॅडर स्नेल मूळची उत्तर अमेरिकेतली आहे आणि जगभर अशीच पसरली आहे. चिरडून माशांनाच द्या, ते तुटून पडतात. झाडं धुतलेलं पाणी गटारात न ओतता कुंडीत घाला. तुरटीचं पाणी तेवढं कुंडीत नको.