क्रोनोग्राफ काढताना जुनं नेमकं काय घ्यायचं

सध्या रात्री जेवण झालं की माझा एकच उद्योग, एका लक्झरी क्रोनोग्राफचं, म्हणजे स्टॉपवॉच असलेल्या मनगटी घड्याळाचं, डिझाईन. दिवसा शिरोली एमआयडीसीत पंपाचे पार्ट कॅडमध्ये काढायचे आणि रात्री घड्याळ. घरचे म्हणतात मोबाईलमध्ये स्टॉपवॉच फुकट आहे की रे. आहे की, पण त्याला बटण कुठंय?

मित्रांना म्हटलं जुन्या परंपरेला धरून मॉडर्न घड्याळ करतोय, तर लगेच सल्ले सुरू. रेडियम पिवळट ठेव, आकडे जुन्या वळणाचे घे, एक जण तर म्हणाला भावा पट्टा कोल्हापुरी चपलेच्या चामड्याचा टाक, नाद खुळा! मला हे सगळं वरवरचं वाटतं. नव्या भिंतीला शेवाळ चिकटवून वाडा होत नसतो.

जुन्या घड्याळातली प्रत्येक गोष्ट कुणाच्यातरी कामासाठी आलीय. 1816 मध्ये लुई म्वाने या फ्रेंच घड्याळजीने तारे बघताना वेळ मोजायला यंत्र केलं. 1821 ला पॅरिसच्या घोड्यांच्या शर्यतीत रिउसेक या घड्याळजीचं यंत्र डायलवर शाईचा ठिपका टाकायचं. पुढं ब्राइटलिंग या स्विस कंपनीने 1915 ला बटण किल्लीपासून वेगळं करून 2 च्या जागी आणलं आणि 1934 ला रीसेटचं दुसरं बटण 4 च्या जागी, कारण सगळं एकाच बटणावर असलं की एकदा थांबवल्यावर झिरो करण्याशिवाय मार्ग नाही, आणि माणसाला मधे थांबून तिथूनच पुढं मोजायचं असतं.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट मात्र बारकी आहे. जुन्या बऱ्याच क्रोनोग्राफवर 30 मिनिटांच्या छोट्या डायलमधे 3, 6 आणि 9 च्या रेघा लांब असायच्या. ट्रंक कॉलचं बिल तीन-तीन मिनिटांनी चढायचं म्हणून. आता ट्रंक कॉल कोण लावतंय, रेघ नुसती शोभेची राहिली. पण मॅटवरच्या फ्रीस्टाईल कुस्तीचा एक राउंड 3 मिनिटांचा, दोन राउंड म्हणजे 6, मधे 30 सेकंद विश्रांती. कोल्हापुरात बसून ती रेघ आपली करायला अजून काय पाहिजे? 3 आणि 6 ठेवले, 9 काढला. (मातीतली निकाली कुस्ती असेल तर घड्याळ घरी ठेवून या.)

टॅकीमीटर, म्हणजे सेकंदांवरून स्पीड सांगणारी डायलवरची पट्टी, काढून टाकला. 3600 भागिले सेकंद, म्हणजे किलोमीटर 45 सेकंदात गेला तर स्पीड 80, हिशोब सोपा आहे पण गाडीत समोर मीटर असताना मनगट कोण बघतंय, उगाच डायलवर गर्दी.

खरी डोकेदुखी मशीनची. छोट्या डायलची जागा डिझायनर ठरवत नाही, आतलं मशीन ठरवतं. केस मोठी घेतली आणि मशीन लहान राहिलं की दोन्ही छोटे डायल मधे सरकतात आणि घड्याळ चकणं दिसतं, महागड्या घड्याळात पण हे बघितलंय. वाल्झू 7750 हे तयार मिळणारं मशीन दणकट, कुठंही दुरुस्त होतं, पण ते ऑटोमॅटिक मशीनच 7.9 मिलिमीटर जाड, वर डायल, काटे, काच आणि खाली बॅक धरली की शर्टाच्या बाहीत घड्याळ शिरत नाही. शिवाय त्यात चालू-बंद करायला कॅम (आकार दिलेला सपाट तुकडा) असतो, बटण जरा जोर लावून दाबायला लागतं. त्याऐवजी कॉलम व्हील, म्हणजे त्याच कामाचं उभ्या खांबांचं चाक, असलं की दाब एकसारखा आणि शेवटी स्वच्छ टिक. माझ्या मते लक्झरी म्हणतात ती इथं, अंगठ्याखाली, बाकी पॉलिश काय कुणीही मारून देतं. म्हणून हाताने चावी द्यायचं कॉलम व्हीलवालं मशीन घेणार, बजेट ताणलं तरी चालेल.

केस 38 मिलिमीटर, ती इथंच व्हीएमसीवर (कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशीन) काढून घेतोय. बटणं गोल पंपासारखी की चपटी यावर पार्टनरशी भांडण चालूय, तो चपटीवर अडलाय, मी ऐकत नाही.