ब्रँट उलटा, वेस्टन सुलटा

न्यूड, म्हणजे नग्न देहाच्या छायाचित्रांची पुस्तकं बघून त्यांना गुण द्यायचे, अशा या नोंदी. मागच्या नोंदीत अमेरिकन छायाचित्रकार एडवर्ड वेस्टनपाशी थांबले होते. या खेपेला ब्रिटिश छायाचित्रकार बिल ब्रँट घेतला आणि अजून त्याच्यातून बाहेर पडलेले नाही. त्यामुळे रूथ बर्नहार्ड पुढे ढकलली, आंद्रे केर्तेश धावता उरकला.

आधी बघण्याची पद्धत सांगते, कारण ती आता बऱ्यापैकी पक्की झाली आहे. न्यूडचं पुस्तक हाती आलं की पहिल्यांदा ते उलटं धरून चाळायचं. उलट्या पानावर बाई दिसायच्या आधी काळ्या-पांढऱ्याची वाटणी दिसते, खांद्याची कड पार्श्वभूमीत कुठे हरवते ते दिसतं. उलटा धरल्यावर जो फोटो कोसळतो, त्यात बहुधा बाई सुंदर असते, फोटो नसतो. मग पुस्तक सुलटं करून सावकाश बघायचं. शेवटी भिंग.

भिंगाचं कारण त्वचा. डोंगराच्या फोटोत एखादा करडा, म्हणजे काळ्या-पांढऱ्याच्या मधली छटा, मेला तरी खपून जातं. पाठीच्या कण्यालगतच्या उतारावर दोन करड्यांमधला फरक गेला की पाठीचा पुठ्ठा होतो. ग्रॅव्हुअर पद्धतीच्या छपाईत शाई धातूवरच्या कमी-जास्त खोल खळग्यांतून कागदावर उतरते, म्हणून काळा जाड आणि मऊ येतो. ऑफसेटमध्ये शाईचा थर सगळीकडे तेवढाच, फक्त टिंबं लहान-मोठी. ती उणीव भरून काढायला ड्युओटोन करतात, म्हणजे काळ्याच्या जोडीला करडी शाई वेगळी चढवतात. स्वस्त आवृत्तीत एकट्या काळ्यावर भागवलेलं असतं. एकाच फोटोच्या दोन छपाया शेजारी ठेवा, भिंगही लागणार नाही.

ब्रँटपाशी मात्र हा सगळा हिशेब अडतो. पुढच्या काळात तो कडक, म्हणजे जास्त कॉन्ट्रास्ट देणाऱ्या कागदावर प्रिंट काढायला लागला. जुन्या निगेटिव्हसुद्धा तशाच, जवळजवळ निव्वळ काळ्या-पांढऱ्यात. त्याच्या अंगांवरचा करडा छापखान्यात गेलेला नाही, तो त्यानं स्वतः डार्करूममध्ये मारला आहे. त्यामुळे ‘टोन नाहीत’ म्हणून पुस्तकाचे मार्क कापण्याआधी छायाचित्रकाराला ते हवे होते का, हे बघावं लागतं. वेस्टनच्या पुस्तकात करडा मेलेला दिसला तर मी ती प्रत परत ठेवते. आठ बाय दहा इंचांच्या निगेटिव्हवरून, मोठं न करता, थेट त्याच आकाराचा कॉन्टॅक्ट प्रिंट काढणाऱ्या माणसाचं सगळं धन त्या मधल्या करड्यांतच आहे.

ब्रँटच्या कॅमेऱ्याची गोष्ट बहुतेकांना माहीत असेल, तरी थोडक्यात. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस लंडनमध्ये त्याला एक जुना लाकडी कोडॅक मिळाला, पोलीस गुन्ह्याच्या जागेची नोंद करायला वापरत तसा. वाइड अँगल लेन्स, छिद्र अगदी बारीक, फोकस पक्का बसवलेला. एका फोटोत अख्खी खोली यावी यासाठी तो बनवलेला. मागच्या ग्राउंड ग्लासवर, म्हणजे चित्र बघायच्या धुरकट काचेवर, इतका अंधार की नेमकं काय येणार ते काढणाऱ्यालाही धड दिसू नये. ब्रँटनं पुढे लिहिलं आहे की मला दिसतं ते टिपण्याऐवजी कॅमेऱ्याला जे दिसतं ते टिपायला लागलो. हे वाचून आधी मला ती पळवाट वाटली होती. पुस्तक पाहून तसं वाटत नाही.

१९६१ चं ‘पर्स्पेक्टिव्ह ऑफ न्यूड्स’ एका बैठकीत, क्रम न मोडता बघा. सुरुवात लंडनच्या खोल्यांत होते: उंच छत, खिडकी, जुनं फर्निचर आणि त्यात एक बाई, जी तिथे राहते की वाट चुकून आली हे कळत नाही. मग कॅमेरा जवळ सरकतो. पाय लांबत जातात, डोकं लहान होतं, हात पानाच्या कडेनं आत शिरतो. आणि मग इंग्लंड-फ्रान्सचे गोट्यांचे किनारे. तिथे गुडघा, कोपर, बोटं, एवढंच. पानागणिक माणूस उणा होत जातो आणि दगड वाढत जातो. ही घसरण भिंतीवर टांगलेल्या सुट्या प्रिंटांत भेटणार नाही. मी ‘पुस्तक’ म्हणून गुण देते ते यासाठी.

ईस्ट ससेक्सच्या किनाऱ्यावरचा १९५७ चा कान घ्या. फक्त कान, कॅमेऱ्याला जवळजवळ चिकटलेला, मागे गोटे. कान म्हणजे काही झाकायचा अवयव नव्हे. तरी मला तो अख्ख्या पुस्तकातला सगळ्यात उघडा फोटो वाटतो. उलटा धरला तरी तितकाच भक्कम.

अडचण मथळ्यांची आहे. कॅम्पडेन हिल, ईस्ट ससेक्स: ठिकाण आणि साल. बाईला नाव नाही. किनाऱ्यावर त्याचं काही वाटत नाही, कारण तिथे ब्रँट माणूस जाणूनबुजून पुसत होता. पण सत्तरच्या दशकातल्या शेवटच्या न्यूड्समध्ये तो पुन्हा खोलीत परतला. लेन्सची ती गंमत आता नाही, कॉन्ट्रास्ट तेवढा उरला, आणि बाई माणूस म्हणूनही उभी नाही, दगड म्हणूनही नाही. उलटं धरलं तर पास, सुलटं धरलं तर नापास. १९८० च्या ‘न्यूड्स’मध्ये जुनं-नवं एकत्र असल्यानं हा उतार फारच जाणवतो.

सुलटं धरून बघायला मला वेस्टननंच शिकवलं. त्याचा १९३६ चा प्रसिद्ध न्यूड: दारात, उन्हात बसलेली कॅरिस विल्सन, मान खाली, हातापायांचा जवळजवळ बंद आकार. उलटा धरा, तोल तसूभर ढळत नाही. सुलटा धरा, तर केसांतल्या पिना दिसतात. कॅरिसनं नंतर लिहिलं आहे की वेस्टनला उजव्या हातावरची सावली खुपायची आणि तिला स्वतःला त्या पिना नि वाकडा भांग. मला तर त्या पिनांमुळेच हा फोटो त्याच्या शंख आणि ढोबळ्या मिरच्यांच्या फोटोंच्या रांगेत जाऊन बसत नाही असं वाटतं. तिची आणखी एक आठवण भारी आहे: वेस्टन भिंग लावून तपासत होता की दिसणाऱ्या गुह्यभागाच्या चार केसांमुळे हा प्रिंट टपालानं पाठवणं कायद्यात अडकेल का.

आपल्याकडचं भिंग कस्टम्सकडे असतं. परदेशातून आणलेली एफ. एन. सूझा आणि अकबर पदमसी या चित्रकारांची सात कामं मुंबईत अडवली गेली. त्यांत पदमसींची दोन छायाचित्रंही होती. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं जप्तीचा हुकूम रद्द केला. नग्न म्हणजे आपोआप अश्लील नव्हे, एवढं कोर्ट सांगतं. फोटो चांगला की सुमार, ही कटकट आपल्याकडेच राहते, आणि ते बरंच आहे.

केर्तेश: ‘डिस्टॉर्शन्स’, फोटो १९३३ चे, पुस्तक थेट १९७६ चं. वाकडे आरसे वापरून अंगं ताणलेली. काही पानं थक्क करतात, पण आरसा सगळ्यांना सारखाच ताणतो, आणि थोड्या वेळानं बाईऐवजी आरसाच दिसायला लागतो.

भारतीय छायाचित्रकार प्रबुद्ध दासगुप्तांचं ‘विमेन’ (१९९६) पुन्हा काढलंय. टफ शूजच्या, नग्न मॉडेल्समुळे चौदा वर्षं कोर्टात राहिलेल्या त्या जाहिरातीचा फोटोही त्यांचाच, पण तो गोंगाट बाजूला ठेवून पुस्तक बघायला हवं. शहरी भारतीय स्त्रिया, व्यक्तिचित्रं आणि न्यूड्स एकाच पुस्तकात, आणि या सरमिसळीमुळे न्यूडकडेही आधी व्यक्तिचित्र म्हणून पाहिलं जातं. मला यात ब्रँटपेक्षा वेस्टनच्या पिनांचा धागा जास्त दिसतो. गोव्यातल्या कॅथलिक समाजावरचं त्यांचं ‘एज ऑफ फेथ’ जोडीला ठेवा. कपड्यातल्या माणसांनाही ते तितकीच जागा देतात का, हे तपासायचं आहे.

पुढची नोंद बर्नहार्डची, ‘द इटर्नल बॉडी’, १९८६. कुणाकडे पहिली आवृत्ती असेल तर त्यातला ‘इन द बॉक्स’ हा फोटो भिंगाखाली बघून खोक्याच्या आतल्या सावलीत काही शिल्लक आहे का ते कळवा. विकत घ्यायची की नाही ते त्यावर ठरवेन.