दोन्ही हार्डडिस्क एकाच ड्रॉवरमधे होत्या

२३ सप्टेंबर २०२३ ची पहाट नागपूरवाले काही विसरत नाहीत, अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो अन नाग नदी लोकांच्या घरात. आमचं ऑफिस अंबाझरी लेआऊटमधे, तळमजल्यावर (ऑफिस म्हणजे काय, दोन कॉम्प्युटर आणि लग्नाच्या अल्बमचे ढीग). बॅकअप घ्यायचो बरं का मी, दोन वेगवेगळ्या हार्डडिस्कवर, शिस्तीत, फक्त दोन्ही एकाच ड्रॉवरमधे. पाणी ओसरल्यावर ड्रॉवर ओढला तर यूएसबीच्या भोकातून चॉकलेटी गाळ टपकत होता आणि वर मार्करने लिहिलेलं "काटोल, मे" मात्र जसंच्या तसं. काटोलच्या त्या नवरीच्या वडलांना फोन लावायला मला चार दिवस लागले.

तेव्हापासून ऑनलाइन बॅकअपच्या मागे आहे. सगळे म्हणतात ड्राइव्हवर टाक ना बे, पण ते सिंक आहे, बॅकअप नाही. आमच्याकडच्या पोट्ट्याने मोबाइलवरून एक फोल्डर उडवला तर तो सगळीकडूनच उडाला, गूगल ड्राइव्हच्या ट्रॅशमधे ३० दिवस राहतो आणि आमच्या लक्षात आलं दीड महिन्याने. म्हणून आता पहिला प्रश्न हाच विचारतो, की जुनी व्हर्जन किती दिवस ठेवता? रॅन्समवेअरने (फायलींना कुलूप लावून पैसे मागणारा व्हायरस) फायली लॉक केल्या आणि त्याच लॉक झालेल्या फायली वर चढल्या, तर मागचीच कामी येते.

दुसरं म्हणजे स्पीड. जाहिरातीत अनलिमिटेड असतं, आपलं अपलोड थोडी अनलिमिटेड आहे. ४० एमबीपीएसने १ टीबी चढवायला सरळ हिशोबाने ५५ तास, अन त्यात लाइट गेली तर यूपीएस किती वेळ टिकणार हो. अर्धवट राहिलेलं तिथूनच पुढे सुरू होतं का, हे पैसे भरायच्या आधी बघा.

आणि खरी गोष्ट रिस्टोअरची. एक सर्व्हिस मला फार आवडली होती, स्वस्त, दिसायला देखणी. ट्रायलमधे "आईची साठी" हा फोल्डर दुसऱ्याच लॅपटॉपवर परत उतरवून पाहिला, तर झिप यायला दोन दिवस आणि आत सगळ्या मराठी नावांच्या जागी नुसते चौकोन. फोटो होते, पण कोणता कुठला, देव जाणे. त्या दिवशीच सोडली. घेताना सगळेच गोड बोलतात, देताना कसे वागतात ते बघायचं.

क्लाउड म्हणजे पण शेवटी कोणाची तरी बिल्डिंगच. २०२१ च्या मार्चमधे फ्रान्समधे स्ट्रासबुर्गला ओव्हीएच या क्लाउड कंपनीचं डेटा सेंटर जळालं, तेव्हा काही गिऱ्हाइकांचा बॅकअपही त्याच आवारात होता. माझ्याच ड्रॉवरची मोठी आवृत्ती! त्यामुळे एक हार्डडिस्क आता वर्ध्याला ताईकडे असते, महिन्याला बदलतो.

शेवटी जी घेतली तिच्यात एन्क्रिप्शनची चावी आपल्याकडेच असते, कंपनीला आपले फोटो दिसत नाहीत, पण पासफ्रेज (म्हणजे तो लांबलचक पासवर्ड) हरवला तर तेही काही करू शकत नाहीत. म्हणून कागदावर लिहून ताईला दिला, म्हटलं जपून ठेव, कोणाला दाखवू नको. परवा गेलो तर तिने लॅमिनेट करून फ्रिजवर चिकटवलाय.