नवीन पिकअप घेताना: आधी वजनाचा हिशोब, मग पैशांचा

पिकअप बघायला गेलं की आधी इंजिनाचे आकडे आणि टचस्क्रीन दाखवतात. तुम्ही मात्र वजनाची पट्टी शोधा. बहुधा ती दाराच्या चौकटीवर किंवा बॉनेटखाली असते. गाडीच्या कमाल एकूण वजनातून रिकाम्या गाडीचं वजन वजा केलं की खरी भारक्षमता कळते. आणि या भारात माणसंही मोजायची असतात.

समजा कमाल वजन ३००० किलो आणि रिकामी गाडी २००० किलो, म्हणजे हाताशी १००० किलो. त्यात पाच माणसांचे ३७५ गेले, हौद्यावरच्या टपाचे ६० गेले. मागे २००० किलोचा ट्रेलर जोडला, तर त्याच्या वजनाचा साधारण दहावा हिस्सा हुकवर येतो, म्हणजे आणखी २००. मालासाठी उरले ३६५! डबल केबिन आणि फोर-व्हील ड्राइव्ह घेतलं की गाडीचं स्वतःचं वजन वाढतं आणि भारक्षमता बहुधा घटते. हौदा मोठा म्हणून माल जास्त, असंही नाही. एक घनमीटर कोरडी वाळूच साधारण १६०० किलो भरते. जास्तीच्या भाराने मागचे पाटे बसतात, टायर तापतात, ब्रेक उशिरा लागतात.

मॉडेल ठरलं की किमान तीन डीलरांकडून एकाच व्हेरिएंटचं लेखी कोटेशन मागवा. कर, नोंदणी, विमा, हाताळणी शुल्क, ॲक्सेसरीज, सगळं वेगवेगळ्या ओळीत हवं. घासाघीस करायची ती शेवटच्या एकूण रकमेवर. नाहीतर गाडीवर दिलेली सूट विम्यात किंवा कोटिंगमध्ये परत वसूल होते. जुनी गाडी द्यायची असेल तर नव्या गाडीचा भाव पक्का होईपर्यंत तिचा विषयच काढू नका.

"महिन्याला किती हप्ता परवडेल?" या प्रश्नाला आकडा सांगू नका. मुदत वाढवून कोणताही हप्ता बसवता येतो. व्याज फ्लॅट, म्हणजे शेवटपर्यंत मूळ रकमेवर, आहे की घटत्या शिलकीवर, म्हणजे फेडायच्या उरलेल्या रकमेवर, हे आधी विचारा. पाच वर्षांसाठी १० टक्के फ्लॅट म्हणजे घटत्या शिलकीवर सुमारे १७.३ टक्के पडतात. इतका मोठा फरक हप्त्याच्या आकड्यात दिसतच नाही.

महिनाअखेरीला विक्रीचं उद्दिष्ट गाठायचं असतं, तेव्हा सूट मिळण्याची शक्यता जास्त. गेल्या वर्षी बनून यार्डात पडून असलेली गाडीही स्वस्तात मिळते, पण पुढे विकताना किंमत उत्पादनाच्या वर्षावरून ठरते. सूट तेवढी भरीव हवी.

उरलेली रक्कम भरण्याआधी गाडी दिवसाउजेडी बघा. चासी नंबर कागदांशी जुळवा. टायरवरचा चार अंकी आकडा वाचा: २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. पाचही टायर बघा, स्टेपनी खाली उतरवून. हौद्याचा मागचा फाळका दोन-तीनदा उघडझाप करा. अडकत असेल तर बिजागऱ्या तिथेच नीट करून घ्या, आणि कबूल केलेली पण अजून न बसवलेली प्रत्येक वस्तू पावतीवर लिहून सही घ्या.